घाटावरचं दूध, घाटाखालचं गवत

कर्जत स्टेशन मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटर. खोपोली त्याच्या पुढे पंधरा किलोमीटर. दोन्हीकडे पाऊस धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. उल्हास आणि पाताळगंगा आमच्याच अंगणातून वाहतात. श्रावणात माळावर गवत कमरेइतकं वाढतं. आणि शंभर किलोमीटरवर मुंबईसारखं दुधाचं गिऱ्हाईक बसलेलं, ज्याला रोज पहाटे दूध लागतं म्हणजे लागतंच.

आता सांगा, मुंबईचं दूध येतं कुठून? कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नगर (आताचं अहिल्यानगर) आणि गुजरात. म्हणजे कुठून कुठून तीनशे-चारशे किलोमीटरवरून. घाटावरून येणारे टँकर एक्स्प्रेस वेने खालापूरच्या टोलनाक्यावर येतात, पैसे भरतात आणि पुढे जातात. आमच्या दारावरून रोज दुधाची नदी वाहते, पण तिच्यात आमच्या तालुक्यांची भर जवळजवळ नाहीच.

हे असं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. लहानपणी वाटायचं आपली माणसं आळशी. नात्यातले वडीलधारे तर अजूनही हेच म्हणतात, "घाटावरचा शेतकरी कष्टाळू, आपला कोकण्या लग्नात आणि शिमग्यात अडकलेला." (काका, आत्या, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. रागावू नका!) पण जरा खोलात गेलं की हा आळसाचा प्रश्न नसून भूगोलाचा, रेल्वेचा, आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यात जास्त झालेल्या दुधाचं काय करायचं या एका हिशोबाचा प्रश्न आहे असं दिसतं. जरा मागून सुरुवात करतो.

रेल्वे आमच्याकडे फार लवकर आली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, आणि १८५६ मध्ये रूळ थेट खोपोलीपर्यंत पोचलेसुद्धा! पुढे बोरघाट. तो फोडायला १८६३ उजाडलं. मधली काही वर्षं पुण्याचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, डोलीत किंवा घोड्यावर बसून घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी धरायचा. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आमचा तालुका शोधायचा तर ठाण्याच्या खंडात शोधावा लागतो. नंतर आम्ही कुलाबा जिल्ह्यात गेलो आणि १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झाला.

रेल्वे आली म्हणजे मुंबईला इथला माल जाणार. भात गेलं, लाकूड गेलं, कोळसा गेला, गवत गेलं. दूध मात्र गेलं नाही. कारण साधं आहे. कच्चं दूध आमच्या हवेत चार-पाच तासांत नासतं. बर्फ नाही, पाश्चरायझेशन नाही, मग शंभर किलोमीटरचा प्रवास करणार कसं? त्यामुळे मुंबईने त्या काळात वेगळाच तोडगा काढला. दूध शहरात आणण्याऐवजी म्हैसच शहरात आणली. गिरगाव, परळ, कुर्ला, पुढे अंधेरी-जोगेश्वरी, जिथे जागा मिळेल तिथे तबेले उभे राहिले. म्हशीला गवत कुठलं? ठाणे जिल्ह्यातलं आणि आमच्यासारख्या आजूबाजूच्या गावांतलं. आमचे आजोबा सांगायचे, दिवाळीनंतर वरकस जमिनीवरचं गवत कापायचं, उडव्या रचायच्या, मग गाठी बांधायच्या आणि बैलगाडीने स्टेशनवर न्यायच्या. भाताचे पैसे सावकाराकडे जायचे, गवताचे पैसे घरात राहायचे, असं ते म्हणत.

म्हणजे बघा, मुंबईच्या दुधाच्या साखळीत आम्ही पहिल्यापासून होतो. पण चाऱ्याच्या टोकाला. दुधाच्या टोकाला नाही.

तबेल्याच्या या पद्धतीची किंमत म्हशीने मोजली. व्यायलेली ताजी म्हैस लांबून विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची, आणि आटली की काय करायचं? शहरात भाकड म्हैस पोसणं परवडत नाही. जागा महाग, वैरण महाग. मग ती खाटकाकडे जायची. उत्तमातली उत्तम दुभती म्हैस एका वेतात संपायची. रेडकू तर त्याआधीच मरायचं, कारण त्याच्या तोंडचं दूध विकलं तर पैसे मिळतात. वर दुधात पाणी, आणि पाणीही कुठलं ते विचारू नका. मुंबई महापालिकेत काम करणारे डॉ. लेम्युएल जोशी यांनी १९१६ मध्ये हिंदुस्थानातल्या शहरांच्या, विशेषतः मुंबईच्या, दूधप्रश्नावर एक पुस्तकच लिहिलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हा प्रश्न पुस्तक लिहिण्याइतका मोठा झाला होता.

थोडक्यात, ती साखळी टिकाऊ नव्हती. दर वर्षी ती आपलंच भांडवल कापून खात होती.

आमच्याकडे मात्र याच्याही आधीची एक साखळी होती, आणि ती शेकडो वर्षं टिकली होती. ती म्हणजे गवळी धनगरांची. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे पाऊस इतका की मेंढरं तग धरत नाहीत, तिथे हे लोक म्हशी घेऊन राहायचे. ढाक, राजमाची, भीमाशंकरच्या बाजूला ट्रेकला गेलेल्या मंडळींनी धनगरवाडे पाहिले असतील. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करून दाखवलं आहे की जंगलातला चारा, थोडी फिरती शेती आणि म्हशी यांवर त्यांचं जगणं कसं बेतलेलं होतं. दूध खाली नेता येत नाही ना? मग ते न्यायचंच नाही. लोणी काढायचं, तूप कढवायचं. ताक घरात, तूप बाजारात, आणि बदल्यात धान्य.

साधी गोष्ट वाटते, पण यात दुधाच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण आहे. जे टिकत नाही त्याचं टिकणाऱ्यात रूपांतर करा. जास्त झालं तर तूप जास्त. कमी झालं तर तूप कमी. कुणाला रोज पहाटे सहाला दूध पोचवायचं बंधन नाही. पुढे जंगलखात्याचे नियम आले, फिरती शेती बंद झाली, चराई आक्रसली, जंगल तुटलं, आणि ही साखळी विरत गेली. रस्त्याजवळचे धनगर खाली माथेरान, खंडाळा, कर्जत, खोपोलीला कच्चं दूध घालू लागले. लांबचे म्हशी कमी करत गेले.

आता १९४० च्या दशकात येऊ. महायुद्ध, मुंबईत लष्कर, लोकसंख्या वाढलेली, दूध नाही. सरकारने १९४५ च्या सुमारास बॉम्बे मिल्क स्कीम काढली. आता दूध लांबून आणायचं ठरलं. ते आणलं सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून. कर्जतहून नाही, खालापूरहून नाही, आणंदहून! का? कारण तिथे पोल्सन कंपनीची डेअरी आधीपासून होती. दूध तापवून थंड करायची यंत्रं तिथे होती, आणि खेडा जिल्ह्यात घराघरात म्हशी होत्या. एका गावात फिरलं तरी कॅनच्या कॅन भरायचे. आमच्याकडे गावागणिक चार घरी दोन दोन लिटर. गोळा करण्याचा खर्चच दुधाहून जास्त. अंतर महत्त्वाचं नसतं, दाटी महत्त्वाची असते, हा धडा तेव्हापासूनचा.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण थोडक्यात सांगतो कारण तिच्यातली एक गोष्ट नेहमी निसटते. पोल्सनला मक्तेदारी मिळाली, मुंबईच्या भावातला फायदा शेतकऱ्यापर्यंत पोचेना. सरदार पटेलांनी सल्ला दिला की स्वतःची सोसायटी काढा आणि मुंबईचं दूध थेट द्या. सरकार ऐकत नसेल तर दूध घालू नका. मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावात सभा झाली, आणि पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेलं नाही. सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. १९४८ च्या जूनमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा दोन गावं आणि रोजचं अडीचशे लिटर दूध होतं. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथे आले ते वेगळ्याच सरकारी नोकरीवर.

याच सुमारास इकडे दारा खुरोडी मुंबईच्या तबेल्यांचा प्रश्न सोडवत होते. त्यांची आरे कॉलनी ४ मार्च १९५१ रोजी नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तेराशे हेक्टरच्या आसपास जमीन, गोठे सरकारचे, म्हशी खाजगी मालकांच्या, सगळं दूध सरकार विकत घेणार. साधारण पंधरा-सोळा हजार म्हशींची सोय होती. टोन्ड दूध ही कल्पनाही खुरोडींचीच. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. त्यात दूध पावडर आणि पाणी मिसळून फॅट तीन टक्क्यांवर आणायचं. एका लिटरचे दोन लिटर होतात, आणि पौष्टिकपणा फारसा न जाता गरिबाला परवडणारं दूध मिळतं. काचेच्या बाटल्या, ॲल्युमिनियमची बुचं, पहाटे केंद्रावर काम करणारी कॉलेजची मुलं... मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीच्या आधीच्या लोकांना आरेचं कार्ड काय चीज होती ते विचारा. त्रिभुवनदास, कुरियन आणि खुरोडी या तिघांना १९६३ मध्ये एकत्र मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज खुरोडींचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ती निसटणारी गोष्ट. म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतर वितात. म्हणून हिवाळ्यात दूध उतू जातं आणि उन्हाळ्यात आटतं. शहराची गरज मात्र बारा महिने सारखी, उलट उन्हाळ्यात जास्तच. खेडा संघाचं उन्हाळ्यातलं दूध मुंबई हात पसरून घ्यायची. हिवाळ्यातलं जादा दूध घ्यायला मात्र तयार नसायची. आता शेतकऱ्याला सांगा, "आज तुझं दूध नको"! दुसऱ्या वर्षी तो म्हैस ठेवेल का? सोसायटी टिकवायची तर हिवाळ्यातलं दूध घेतलंच पाहिजे. मग त्याचं करायचं काय? तेच, जे धनगर करायचे. टिकणारं काहीतरी. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत. आणंदच्या हरिचंद्र दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला पावडर आणि लोण्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. लोक म्हणतात सहकारामुळे अमूल टिकलं. खरं आहे, पण अर्धं. सहकाराला ज्या कारखान्याने हिवाळ्यात वाचवलं तो दुसरा अर्धा भाग.

१९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं तेव्हाही मूळ युक्ती हीच होती. युरोपात साठलेली दूध पावडर आणि बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दान म्हणून आली. ती फुकट वाटून इथला भाव पाडण्याऐवजी तिचं दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत विकलं आणि त्या पैशातून डेअऱ्या, टँकर, शीतकरण केंद्रं उभी केली.

महाराष्ट्राने आपली वाट थोडी वेगळी घेतली. इथे आधी सरकार उतरलं. दुग्धविकासाचं स्वतंत्र खातं १९५८ चं. जिल्ह्या-जिल्ह्यात सरकारी दूध योजना निघाल्या, आणि बरोबरीने सहकारी संघ. कोल्हापूरचा गोकुळ १९६३, राज्याचा महासंघ १९६७, त्याची गोरेगावची महानंद डेअरी १९८३. त्याही आधी, १९३९ मध्ये, भिलवडीला चितळ्यांनी खाजगीत सुरुवात केली होती. घाटावर एक साखळी दुसरीला धरून उभी राहिली. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसाबरोबर वाढे आले, म्हणजे हिरवी वैरण. मणिभाई देसाईंची उरुळी कांचनची बायफ संस्था १९६७ ची. तिने संकरित गाईंचं रेतन दारापर्यंत नेलं. साखर कारखान्याची निवडणूक लढवणारी माणसं दूध संघातही होती, म्हणजे रस्ता, वीज, कर्ज या गोष्टी दुधाकडे वळवणारे हात होते. राजकारण म्हणून नाकं मुरडा, पण त्या हातांनी शीतकरण केंद्रं बांधली हे खरं.

आणि आम्ही?

आमचं गवत. ज्याचा मी सुरुवातीला एवढा अभिमान सांगितला, ते गवतच पहिलं अडलं. श्रावणात हिरवंगार, पण दसरा-दिवाळीला पिवळं पडतं. इतक्या पावसात उंच वाढणाऱ्या गवताच्या काडीत कस राहत नाही. त्यावर जनावर जगतं, दूध देत नाही. शेत एकपिकी भाताचं, म्हणजे उरलेली वैरण म्हणजे पेंढा. होळीपासून मृगापर्यंत हिरवं पान नाही. ज्या पाण्याने हिरवं पान उगवलं असतं ते कुठे गेलं? टाटांची खोपोलीची वीज १९१५ ची, भिवपुरीची १९२२ ची. घाटमाथ्याच्या तलावातलं पाणी खाली येऊन वीज करतं, त्यावर मुंबईच्या गिरण्या आणि लोकल चालल्या. भिवपुरीच्या सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याची गावं उन्हाळी भात करतात, तेवढा पट्टा हिरवा. बाकी फाल्गुनात सगळं करपलेलं. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं आहे, 'कर्जत' नावाच्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात. चाऱ्याला असा वाली मिळाला नाही.

दुसरं, जनावर. आमची गावठी गाय शेणासाठी आणि बैलासाठी. दिवसाला लिटर-दीड लिटर दिलं तर देवाची कृपा. पावसात, चिखलात, गोचिडांत टिकते हा तिचा गुण. घाटावरची संकरित गाय इथे आणली की पहिल्याच पावसाळ्यात तिचे खूर कुजलेले मी पाहिले आहेत.

तिसरं, मुंबई इतकी जवळ की माणूसच लोकलने निघून गेला. रेल्वेत, खोपोलीच्या कारखान्यांत, गिरणीत पगार मिळत असताना पहाटे चारला शेण कोण काढणार? यात आळस नाही, हिशोब आहे.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते कुठल्या अहवालात मी वाचलेलं नाही, घरी पाहिलेलं आहे. आमच्या आजीकडे दोन म्हशी होत्या. रेल्वे क्वार्टर्समध्ये तिचा रतीब होता. आजीचा दर डेअरीच्या दरापेक्षा नेहमी जास्त, कारण गिऱ्हाईक दारात. पुढे आमच्या भागात एक दूध संकलन केंद्र सुरू झालं. नाव घेत नाही. लोकांनी काय केलं? उन्हाळ्यात सगळं दूध रतीबाला, केंद्रावर शून्य. हिवाळ्यात रतीब भागून उरलेलं केंद्रावर. म्हणजे केंद्राला हवं तेव्हा दूध नाही, नको तेव्हा ढीग. त्यात पैसे महिना-दीड महिना थकायला लागले, फॅट आणि डिग्रीवरून रोज भांडणं. दोन-तीन वर्षांत केंद्राला कुलूप. गाव म्हणालं केंद्राने फसवलं, केंद्र म्हणालं गावाने दूध दिलं नाही. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी शहाणपणानेच वागले. दोघांच्या शहाणपणाची बेरीज मात्र कुलूप झाली.

आणंदच्या शेतकऱ्याला हे का करता आलं नाही? कारण त्याच्या दारात रतीबाचं गिऱ्हाईक नव्हतं. मुंबई दूर होती म्हणून त्याला एक व्हावंच लागलं. आम्हाला मुंबई जवळ होती म्हणून एकेकट्याने भागलं.

एकेकट्याने भागण्याची किंमत काय? २०१८ च्या जुलैमध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध रोखलं. दूध पावडरचे भाव कोसळले होते, गाईच्या दुधाला सतरा-अठरा रुपये मिळत होते. चार दिवसांत सरकारला लिटरला पंचवीस रुपयांचा दर जाहीर करावा लागला. तो दर पुढे किती टिकला हा वेगळा विषय. पण ज्यांचं दूध एका टँकरात होतं त्यांना तो टँकर थांबवता आला. आमच्या आजीने रतीब थांबवला असता तर क्वार्टर्समधल्या बाईने दुसरा गवळी पाहिला असता. इतकंच.

अर्थात घाटावरचंही सगळं छान आहे असं नाही. सरकारी दूध योजना आकसत गेल्या, महानंद तोट्यात जाऊन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला द्यावी लागली. मुंबईचे तबेले बाहेर नेण्यासाठी तलासरीजवळ दापचरीचा मोठा प्रकल्प सरकारने उभारला, तोही शेवटी ओस पडला. गोठे बांधून गोठा चालत नाही, हे तिथे सरकारी खर्चाने सिद्ध झालं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरातलंच आहे. माझा पुतण्या, वय अठ्ठावीस, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलाय. त्याला दहा मुऱ्हा म्हशींचा गोठा काढायचाय, कर्ज काढून. दुसरीकडे एजंट रोज घरी येतोय, नदीकडची जमीन फार्महाउससाठी विका म्हणून. वहिनींना वाटतं विकून पैसे बँकेत टाकावेत. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा." आता आली का पंचाईत!

मी त्याला इतिहासातून निघणारे चार प्रश्न दिलेत.

पहिला, भाकड म्हशीचा. म्हैस सव्वादहा महिने गाभण असते, दोन वेतांत चौदा-पंधरा महिने सहज जातात आणि त्यातले चार-पाच महिने ती आटलेली असते. म्हणजे दहा म्हशींत एका वेळी दुभत्या सहा-सात. बँकेच्या कागदावर दहा दिसतात. मुंबईचे तबेले याच आकड्यावर म्हशी कापत गेले. तू भाकड म्हैस पोसणार की विकणार? पोसणार असशील तर आपल्याकडे मुंबईच्या तबेल्यापेक्षा एक फायदा आहे, पावसाळ्यातलं फुकटचं गवत. भाकड काळ पावसाळ्यात येईल असं बघितलंस तर ते गवत कामी येतं, आणि म्हशी दिवाळीनंतर वितील तर दूध उन्हाळ्यात मिळेल, जेव्हा भाव असतो.

दुसरा, फाल्गुन ते मृगाचा. हिरवी वैरण कुठून? खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग चारा आणि पेंडीत जातो. तीच नदीकडची जमीन, जी एजंट मागतोय, ती बारमाही पाण्याची आहे. तिथे नेपियर लावलास तरच गोठा. जमीन विकून आलेल्या पैशात म्हशी घ्यायच्या आणि चारा विकत आणायचा हा मधला मार्ग मात्र नको, तो नक्की बुडतो.

तिसरा, रेडकांचा. पारड्या वाढवणार का? दर वेळी हरियाणाची म्हैस लाख-सव्वा लाखाला आणायची तर तू गवळी नाहीस, म्हशींचा भाडेकरू आहेस.

चौथा, हिवाळ्यातल्या दुधाचा. कर्जत-नेरळच्या नव्या इमारतींत रतीब मिळेल, भावही चांगला मिळेल. पण शनिवार-रविवारी फ्लॅट भरलेले आणि सोमवारी रिकामे. सोमवारच्या दुधाचं काय करशील? पनीर, तूप, दही, काहीतरी टिकणारं हातात हवं. आणि एकट्याने नको. आसपासचे सात-आठ गोठे मिळून एक कूलर, एक माणूस, आणि एकच नियम: वर्षभर ठरलेला वाटा सामाईक, उन्हाळ्यातसुद्धा. हा नियम पाळणारी सात घरं मिळाली नाहीत तर कर्ज काढू नकोस.

शेवटचा मुद्दा ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "काका, म्हशी मिळतील, कूलर मिळेल. सात घरं मिळणं अवघड आहे." मी म्हटलं, बरोबर, आणंदलाही मशीन सगळ्यात शेवटी आलं.

सध्या त्याने तीन घरं गोळा केली आहेत. एक ठाकूरवाडीतलं, दोन गावातली. एका धनगर कुटुंबाशी बोलणं चालू आहे. त्यांच्याकडे जनावराची जाण आमच्या सगळ्या खानदानापेक्षा जास्त. एजंटला वहिनींनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. काय होईल ते मला सांगता येत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी कर्जत, खालापूर, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात तीन वर्षांहून जास्त काळ गोठा चालवला असेल तर एप्रिल-मेचं गणित कसं बसवलंत ते जरूर कळवा. यशाचंच हवं असं नाही. बंद का पडला हे कळलं तर पुतण्याला त्याचा जास्त उपयोग होईल.